सेंट ऑड्रीच्या गोफावरचा आळ

इंग्रजीतले ‘टॉड्री’ हे विशेषण एखाद्या वस्तूला लागले की तिच्यावर दोन ठपके एकदम येतात. ती डोळ्यांत भरणारी असते आणि हलक्या प्रतीचीही असते. नुसत्या भडक वस्तूसाठी त्या भाषेत ‘गॉडी’ आहे, नुसत्या स्वस्त वस्तूसाठी ‘चीप’ आहे. टॉड्री वस्तू मात्र स्वस्त असून श्रीमंतीचा आव आणते. मराठीत भपकेबाज, दिखाऊ, भडक हे शब्द तिच्या आसपास फिरतात. त्यातल्या त्यात ‘बेगडी’ सर्वांत जवळ जातो. कपड्यांपासून सुरू झालेला हा शब्द पुढे घरांच्या सजावटीला, नाटकांना आणि चोरट्या प्रेमप्रकरणांनाही लागू लागला. आज त्यात नैतिक हिणकसपणाची छटा पक्की बसली आहे.

त्याची जन्मकथा बहुतेक ठिकाणी एकाच ठशात सांगितली जाते. सातव्या शतकात इंग्लंडात ऑड्री नावाची एक राजकन्या होती. तरुणपणी तिला हारांचा फार सोस होता. पुढे ती मठात गेली, पण गळ्याला गाठ होऊन वारली आणि ही त्या सोसाचीच शिक्षा ठरली. तिच्या नावाने ईली गावी जत्रा भरू लागली, जत्रेत हलक्या आणि भडक लेसा विकल्या जात, प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना त्यांची किळस आली, आणि ‘सेंट ऑड्रीज लेस’चे ‘टॉड्री लेस’ होऊन टॉड्री म्हणजे हलके व भडक हा अर्थ रूढ झाला. कथा सुटसुटीत आहे, लक्षात राहते, आणि म्हणूनच एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात बिनतपासणी जाते. तिच्यातली संत खरी आहे, गाठ खरी आहे, जत्रा खरी आहे, नावाची उत्पत्तीही खरी आहे. खोटी आहे ती या सगळ्यांना एकमेकांत ओवणारी कारणांची माळ. ती एका बाईच्या चरित्राचा विपर्यास करते, एका चांगल्या वस्तूला जन्मापासून हलकी ठरवते आणि अर्थ बिघडवण्याचा दोष भलत्यांच्याच माथी मारते.

सुरुवात चरित्रापासून करावी लागते, कारण विपर्यासही तिथूनच सुरू होतो. या स्त्रीचे मूळ नाव एथेलथ्रिथ. जुन्या इंग्रजीत ‘एथेल’ म्हणजे कुलीन आणि ‘थ्रिथ’ म्हणजे बळ. ईस्ट अँग्लियाचा राजा अॅना याची ती मुलगी (अॅना हे तेव्हा तिथे पुरुषाचे नाव होते). तिचे पहिले लग्न टॉन्डबर्ट या सरदाराशी झाले. तो थोड्याच काळात वारला. दुसरे लग्न नॉर्थम्ब्रियाच्या एजफ्रिथशी झाले, जो पुढे राजा झाला. बारा वर्षांच्या या दुसऱ्या संसारातही तिने कौमार्याचे व्रत सोडले नाही. राणीचे मन वळवावे म्हणून एजफ्रिथने बिशप विल्फ्रिडला जमीन आणि द्रव्य देऊ केले होते. ही गोष्ट खुद्द विल्फ्रिडने आपल्या चौकशीला उत्तर देताना सांगितली, असे बीड या इतिहासकाराने नोंदवले आहे. अखेर राजाची संमती मिळवून ती मठात गेली. ६७३ साली दलदलीने वेढलेल्या ईलीच्या उंचवट्यावर तिने स्वतःचा मठ उभारला आणि ६७९ साली तिथेच देह ठेवला.

बीडने इंग्रज लोकांच्या चर्चचा इतिहास ७३१ साली पुरा केला. एथेलथ्रिथची हकीकत त्याच्या चौथ्या खंडात आहे आणि तिच्याविषयी पुढे जे काही लिहिले गेले त्याचा मूळ झरा तोच आहे. मठाध्यक्ष झाल्यावर तिने तागाचे मऊ कपडे सोडून फक्त लोकरीचे कपडे वापरले. मोठ्या सणांच्या आधीच गरम पाण्याने अंघोळ केली, तीही मठातल्या इतर सगळ्यांना आपल्या हातांनी अंघोळ घालून झाल्यावर. ती बहुधा दिवसातून एकदाच जेवे. शेवटच्या आजारात तिच्या जबड्याखाली मानेवर मोठी सूज आली. किनेफ्रिथ नावाच्या वैद्याने ती फोडली, दोन दिवस आराम वाटला, तिसऱ्या दिवशी वेदना परतल्या आणि ती गेली. सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने, म्हणजे मठाच्या पुढच्या अध्यक्षेने, तिचे पार्थिव चर्चमध्ये हलवायचे ठरवले. दगड शोधायला गेलेल्या मठवासीयांना आजच्या केंब्रिजजवळच्या एका उजाड गावात पांढऱ्या संगमरवराची शवपेटी मिळाली. जुनी लाकडी पेटी उघडली तेव्हा देह जसाच्या तसा होता आणि मानेवरची जखम भरून तिथे फक्त पुसटसा व्रण उरला होता, अशी साक्ष त्याच वैद्याने दिली.

हारांचा उल्लेख याच ठिकाणी येतो, आणि तो कसा येतो हे नीट वाचले पाहिजे. ती या दुखण्याने संतोष मानी आणि म्हणे की मुलगी असताना मानेवर हारांचे निरर्थक ओझे वागवले, आता त्याच मानेवर ही लाल, जळती सूज देऊन देव आपल्याला त्या हलकेपणाच्या दोषातून मोकळे करतो आहे, असे लोक सांगतात, अशी बीडची नोंद आहे. बोलणारी ती स्वतः आहे. बोलणे नम्रतेचे आहे. आयुष्यभर स्वतःला सर्वांच्या मागे ठेवणारी स्त्री मरणकाळीही स्वतःचाच दोष शोधते. बीड हे तिच्या स्तुतीसाठी सांगतो आणि लगेच पुढे तिच्या गौरवाचे स्तोत्र जोडतो. लोकप्रिय कथेने या पश्चात्तापाला निकालपत्र बनवले. एखाद्या भक्ताने अभंगात स्वतःला पतित म्हटले म्हणून त्याच्या चरित्रात पापांची यादी लिहावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय तिने ज्या साथीने आपला मृत्यू होईल हे आधीच सांगितले होते असे काहीजण म्हणतात, ती साथ मठातल्या इतरांनाही घेऊन गेली, हेही बीडच सांगतो. त्या इतरांच्या मृत्यूला हारांची शिक्षा असे कोणीच म्हटलेले नाही.

आणि ते हार तरी कसले होते? बीडच्या हकीकतीत ते सोन्याचे आणि मोत्यांचे आहेत. राजघराण्यातल्या मुलीच्या गळ्यात असतात तसे, खरे आणि मोलाचे. त्यांत खोट्या चकाकीचा प्रश्नच नव्हता. म्हणजे संताच्या चरित्रात टॉड्री म्हणावे असे काहीही नाही, ना हारांत, ना तिच्या वागण्यात. शब्दाचा आजचा अर्थ तिच्या गळ्यापाशी शोधणारी कथा पहिल्याच पावलाला घसरते.

नावाचा प्रवास मात्र निर्विवाद आहे. लॅटिन लिहिणाऱ्यांनी एथेलथ्रिथचे एथेलड्रेडा केले आणि बोलणाऱ्यांच्या जिभेवर ते झिजत झिजत ऑड्री झाले. ‘सेंट ऑड्री’ भराभर म्हणताना सेंटमधला शेवटचा ट पुढच्या स्वराला चिकटला आणि टॉड्री तयार झाले. इंग्रजीत ही खोड जुनी आहे. लंडनच्या टूली स्ट्रीटचे नाव सेंट ओलाव्हपासून आले आहे, आणि सेंट अँथनीच्या घंटेला व डुकराला जोडून ‘टँटनी’ हा शब्द झाला आहे. त्या दोन्हीत उपहास नाही. ट चिकटणे ही उच्चाराची गोष्ट आहे, तुच्छतेची नव्हे.

दुसरी गल्लत ‘लेस’ या शब्दाची आहे, आणि मराठी वाचकांच्या बाबतीत ती जास्तच होते. आज लेस म्हटले की साडीच्या किंवा फ्रॉकच्या काठाला शिवलेली जाळीदार पट्टी डोळ्यांपुढे येते. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत लेस म्हणजे मुख्यतः दोरी, नाडी, बांधायची फीत. बुटाची लेस म्हणताना तोच जुना अर्थ अजून जिवंत आहे. लॅटिनमधल्या फास या अर्थाच्या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे आला. सेंट ऑड्रीची लेस म्हणजे गळ्यात घालायचा किंवा कमरेला बांधायचा रेशमी पट्टा किंवा दोर. मराठीत त्याला गोफ म्हणणे सर्वांत चपखल होईल. जाळीची स्वस्त झालर डोळ्यांपुढे ठेवून ही गोष्ट वाचली की वस्तू आपोआप भडक दिसू लागते. रेशमी गोफ म्हटले की ती तशी दिसत नाही.

या गोफाच्या प्रतीबद्दल एक ठोस साक्ष आहे. निकोलस हार्प्सफील्ड हा कँटरबरीचा आर्चडीकन होता. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक निष्ठेपायी तो कैदेत पडला, १५७५ साली वारला, आणि त्याने लॅटिनमध्ये लिहिलेला इंग्लंडच्या चर्चचा इतिहास १६२२ साली छापला गेला. एथेलड्रेडाच्या मानेच्या दुखण्याची हकीकत सांगून तो म्हणतो की इंग्लंडच्या स्त्रिया तलम, बारीक रेशमाचा एक गोफ गळ्यात घालतात आणि त्याला एथेलड्रेडाचा गोफ म्हणतात, कदाचित त्याच घटनेच्या आठवणीसाठी. ‘कदाचित’ हा शब्द त्याचा आहे आणि तो त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. आठवणीच्या बाबतीत तो खात्री देत नाही. रेशमाच्या तलमपणाबद्दल मात्र त्याच्या वाक्यात शंका नाही. जत्रेचा उल्लेख तो करत नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

‘टॉड्री लेस’ हा जोडशब्द १५४० च्या दशकापासून इंग्रजीत सापडतो. नंतरची शंभरेक वर्षे त्याचे काय झाले, याबद्दल लोकप्रिय कथा अवाक्षर काढत नाही. काढले तर तिचा निकाल लागतो. १५७९ साली एडमंड स्पेन्सरचे ‘शेपर्ड्स कॅलेंडर’ आले. त्यातल्या एप्रिल महिन्याच्या गोपगीतात राणी एलिझाबेथची स्तुती आहे, आणि तिच्या सोहळ्याला येणाऱ्या गवळणींना कवी सांगतो की अधिक देखणे दिसावे म्हणून कमरेला टॉड्री लेस बांधून या. राणीसमोर येण्याचा हा पोशाख आहे. स्पेन्सरने तो शब्द हीन अर्थाने वापरला असता तर तो राणीचा अपमान ठरला असता, आणि स्पेन्सर राणीची कृपा मिळवण्यासाठी लिहीत होता. १६१२ साली मायकेल ड्रेटनने ‘पॉली-ऑल्बियन’ या इंग्लंडच्या भूमीवरील दीर्घकाव्यात जलदेवतांच्या गळ्यात ‘टॉड्री’ घातल्या. त्या समुद्रातल्या वस्तूंच्या बनलेल्या आहेत. इथे शब्दाला लेसची गरजही उरलेली नाही, टॉड्री म्हणजेच कंठभूषण. देवतांच्या गळ्यात कवी हलका माल घालत नसतो.

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ची साक्ष सर्वांत प्रसिद्ध आहे आणि सर्वांत जास्त वाकवलीही जाते. १६१० - ११ च्या सुमाराच्या या नाटकात मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या सणाचा मोठा प्रवेश आहे. ऑटोलिकस नावाचा लबाड फेरीवाला तिथे माल घेऊन येतो, आणि मॉप्सा ही खेड्यातली मुलगी आपल्या मित्राला आठवण करून देते की त्याने टॉड्री लेस आणि सुगंधी हातमोज्यांची जोडी द्यायचे कबूल केले होते. यावरून असा युक्तिवाद होतो की मॉप्सा भोळी, फेरीवाला भामटा, म्हणून लेसही भिकार. त्यात एक मुद्दा मान्य करायला हवा. थोड्या वेळाने ऑटोलिकस स्वतःच फुशारकी मारतो की आपला सगळा दिखाऊ कचरा खपला, आणि त्याच्या त्या यादीत खोटे खडे आहेत तशा फितीही आहेत. पण कचरा हा शब्द ठकाने आपल्या पेटाऱ्यासाठी वापरलेला आहे. मॉप्साची लेस त्या पेटाऱ्यातून मागितलेली नाही; ती आधी दिलेल्या वचनातली वस्तू आहे, आणि ज्या वस्तूच्या जोडीला ती उभी आहे ते सुगंधी हातमोजे त्या काळी श्रीमंतांच्या शौकाची चीज होते. प्रियकराकडून मागावी अशी, मनात धरलेली भेट म्हणूनच ती संवादात येते. प्रेक्षक हसतात ते मॉप्साने छापील गाण्यांतल्या अशक्य गोष्टी खऱ्या मानल्या म्हणून. लेसवर हसण्याजोगे तिथे काही नाही.

आता प्युरिटनांकडे. धर्मसुधारणेने संतपूजा मोडली, प्युरिटनांना नटण्याचा तिटकारा होता, म्हणून त्यांनी संताच्या नावाच्या लेसला शिवीचा अर्थ दिला, हे ऐकायला पटण्यासारखे वाटते. कालक्रम त्याला साथ देत नाही. ईलीचा मठ १५३९ साली बरखास्त झाला. १५४१ साली बिशप थॉमस गुडरिचने पूजास्थाने आणि मूर्ती नष्ट करण्याचा आदेश काढला आणि एथेलड्रेडाची समाधी गेली. आज कॅथीड्रलच्या फरशीतला एक दगड तेवढी तिची जागा दाखवतो. संतावरचा राग कळसाला होता तो हा काळ. नेमक्या याच दशकापासून टॉड्री लेसचे उल्लेख सापडू लागतात आणि त्यांत राग नाही. स्पेन्सर तर कडवा प्रोटेस्टंट होता, तरी त्याला हा शब्द राणीच्या गीतात चालला. उलट टॉड्री हे हिणवणारे विशेषण म्हणून दिसू लागते ते १६७० च्या दशकात. प्युरिटनांचे राज्य १६६० साली संपले होते, दुसरा चार्ल्स गादीवर होता, दरबार नटण्यामुरडण्यात गुंग होता, आणि १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाच्या पंचांगात १७ ऑक्टोबर या तारखेपुढे कुमारी एथेलड्रेडेचे नाव सन्मानाने छापलेले होते. संताशी वैर असलेल्यांनी शंभर वर्षे शब्द बिघडवला नाही, आणि वैर संपल्यावर तो बिघडला.

दुसरे असे की प्युरिटनांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. फिलिप स्टब्सने १५८३ साली इंग्रजांच्या पोशाखावर जे जळजळीत पुस्तक लिहिले, त्यात त्याचा संताप उधळपट्टीवर आहे : रेशीम, मखमल, गळ्याभोवतीच्या प्रचंड चुणीदार पट्ट्या, त्यांना दिलेली खळ. सगळे लोक असे नटतात की कुलीन कोण आणि सामान्य कोण हे ओळखू येत नाही, अशीही त्याची तक्रार आहे. वस्तू फार महाग आहे, फार चांगली आहे, म्हणून ती पाप आहे, ही त्या पंथाची भाषा. टॉड्री हा शब्द याच्या उलट बोलतो. त्याची तक्रार आहे की वस्तू पुरेशी महाग नाही, पुरेशी खरी नाही. ज्याला सगळेच नटणे वर्ज्य, त्याला चांगले नटणे आणि वाईट नटणे यांत भेद करण्याचे कारण नसते. तो भेद ज्याला स्वतः नटायचे असते त्याला लागतो.

राहिली जत्रा. सेंट ऑड्रीच्या जत्रेशी लेसचा संबंध स्पष्ट शब्दांत सांगणारा साक्षीदार म्हणजे स्टीफन स्किनर. हा वैद्य १६६७ साली वारला आणि त्याचा इंग्रजी शब्दांचा व्युत्पत्तिकोश १६७१ साली बाहेर पडला. टॉड्री लेस म्हणजे सेंट एथेलड्रेडाच्या स्थानी भरणाऱ्या जत्रेत विकत घेतलेल्या बांधायच्या फिती किंवा पट्ट्या, एवढेच तो म्हणतो. त्या हलक्या होत्या असे तो म्हणत नाही. जत्रेत मिळते ते सगळे टाकाऊच, ही आजच्या दुकानांना सरावलेल्या माणसाची समजूत आहे. मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या इंग्लंडात मोठ्या जत्रा हा घाऊक व्यापाराचा कणा होता; केंब्रिजजवळची स्टोरब्रिजची जत्रा त्या काळच्या युरोपातल्या मोठ्या बाजारांत मोडे, आणि ती ईलीहून फार लांब नव्हती. १७ ऑक्टोबरच्या सणाला ईलीला येणारा यात्रेकरू संताच्या आठवणीची वस्तू घेऊन घरी जात असेल, तर ती वस्तू त्याच्यासाठी पवित्र होती. तिला बेगडी म्हणण्याचा अधिकार नंतरच्या कोशवाचकाला कोणी दिला?

मग अर्थ फिरला कशाने? याचे उत्तर इंग्लंडच्या कपड्यांच्या इतिहासात शोधावे लागते. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड वापरावे हे तिथे शतकानुशतके कायद्याने ठरत होते. एलिझाबेथने १५७४ साली तसा तपशीलवार जाहीरनामा काढला. सोन्याच्या जरीचे कापड कोणी घालावे, मखमल कोणी, रेशीम कोणी, हे त्यात पदवीनिशी लिहिले होते. १६०४ साली, पहिल्या जेम्सच्या काळात, असे कायदे रद्द झाले. पैसे असतील त्याने काय हवे ते घालावे अशी मोकळीक मिळाली. मोलकरणी, शिकाऊ कामगार, खेड्यातल्या मुली रेशमी फिती घेऊ लागल्या, आणि त्यांच्या खिशाला परवडतील अशा नकला बाजारात येऊ लागल्या. दर्जा सांभाळण्याचे जे काम कायदा करत होता, ते आता अभिरुचीच्या शब्दांकडे आले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉड्रीला मिळालेला अर्थ या बदलात बसतो. गोफ बदलला त्याहून अधिक तो कोणाच्या गळ्यात आहे हे बदलले होते.

शेजारच्या शब्दांकडे पाहिले की हा तर्क बळकट होतो. ‘टिन्सेल’ म्हणजे आज चमकीचा कागद आणि पोकळ झगमगाट. मुळात ते सोन्याचांदीचे तार विणलेले भारी कापड होते. नाव फ्रेंचमधल्या ठिणगी या अर्थाच्या शब्दावरून आले, आणि १५७४ च्या जाहीरनाम्यात टिन्सेल केलेले सॅटिन वरच्या दर्जाच्या लोकांसाठी राखलेल्या कापडांत मोडत होते. दिखाऊ आणि पोकळ हा अर्थ त्याला चिकटला १६५० च्या दशकात, म्हणजे टॉड्रीच्या जरा आधी. ‘पिंचबेक’ची गोष्ट थोडी पुढची. ख्रिस्तोफर पिंचबेक हा लंडनचा कुशल घड्याळजी १७३२ साली वारला. त्याने तांबे आणि जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू तयार केला आणि तो चांगली कारागिरी म्हणून नावाजला गेला. आज त्याचे आडनाव इंग्रजीत खोट्या मालाचे विशेषण आहे.

सर्वांत बोलके उदाहरण भारतातून गेलेल्या कापडाचे आहे. हिंदीत छींट आणि मराठीत चीट म्हणतात ते रंगवलेले, छापलेले सुती कापड सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने लंडनला नेले. नावाच्या अनेकवचनालाच एकवचन समजून इंग्रजीत ‘चिंट्झ’ झाले. मच्छलीपट्टणम आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चित्रकारांनी हाताने रंगवलेले हे कापड धुतल्यावरही रंग सोडत नसे. तशी पक्क्या रंगाची विद्या तेव्हा युरोपात कोणालाही साधलेली नव्हती. आधी ते श्रीमंतांच्या पलंगांवर आणि भिंतींवर गेले, मग स्त्रियांच्या अंगावर आले, मग नोकराणींच्याही. लोकर आणि रेशीम विणणारे इंग्रज कारागीर चवताळले. संसदेने १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली बंदीचे कायदे केले. मधल्या काळात, १७१९ साली, लंडनच्या रस्त्यांवर सुती छापील कपडे घातलेल्या स्त्रियांच्या अंगावरचे कपडे विणकरांनी फाडले. १७७४ साली बंदी उठली तोवर इंग्लंडला स्वतःची छपाई जमू लागली होती, आणि पुढे यंत्रांनी काढलेली स्वस्त नक्कल घरोघर पोचली. १८५१ साली लेखिका जॉर्ज इलियटने एका पत्रात मलमलीच्या नमुन्यांची तुलना करताना ‘चिंट्झी’ हा शब्द नापसंतीने वापरला. आज इंग्रजीत चिंट्झी म्हणजे स्वस्त, सवंग आणि कंजूष. या सगळ्यात मच्छलीपट्टणमच्या रंगाऱ्याचा दोष कोणता? त्याच्या कौशल्याची नक्कल दुसऱ्यांनी केली, ती सामान्यांच्या अंगावर गेली आणि नाव त्याच्या कापडाचे खराब झाले. चिंट्झ मुळात हलके होते म्हणून चिंट्झी झाले, असे म्हणण्याची हिंमत कापडाच्या इतिहासाचा कोणताही अभ्यासक करणार नाही. टॉड्री लेसबद्दल मात्र तेच बेधडक म्हटले जाते, कारण तिच्या बाजूने बोलणारे नमुने संग्रहालयांत मांडलेले नाहीत. उरल्या आहेत त्या हार्प्सफील्ड, स्पेन्सर, ड्रेटन यांच्या ओळी, आणि कथा सांगणारे त्या वाचत नाहीत.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की शब्दाचा आजचा अर्थ ठरलेला आहे, तेव्हा हा खटाटोप कशासाठी? अर्थ बदलावा अशी मागणी इथे नाही. भडक आणि हलक्या वस्तूला टॉड्री म्हणणे पूर्ण योग्य इंग्रजी आहे. पण ‘का म्हणतात’ याचे उत्तर हे इतिहासाचे विधान असते आणि त्याला पुरावा लागतो. त्या उत्तरात एका खऱ्या स्त्रीच्या मरणाचा हवाला दिला जातो आणि गोफ घेणाऱ्या असंख्य खेडवळ स्त्रियांची पसंती बाष्कळ ठरवली जाते. शिक्षक वर्गात ही कथा सांगतो तेव्हा मुलांच्या मनात शब्दाबरोबर हा निवाडाही रुजतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कायदे उठल्यावर आणि नकला पसरल्यावर अर्थ घसरला, हेही अनुमानच आहे. कोणा समकालीनाने तसे लिहून ठेवलेले इथे दाखवलेले नाही. हे खरे आहे, आणि कोशात ते अनुमान म्हणूनच यावे. पण लोकप्रिय कथेचे खंडन या अनुमानावर उभे नाही. उद्या अर्थांतराचे दुसरे चांगले कारण पुढे आले तरी १५७९ चे गोपगीत जागचे हलत नाही, १६७१ च्या कोशातली जत्रा निंदेवाचूनच राहते, आणि प्युरिटनांची सत्ता गेल्यानंतर शब्द बिघडला हा क्रम उलटत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईलीच्या जत्रेत खरोखरच टाकाऊ फिती विकल्या जात होत्या असे कोणी सिद्ध केले, तरी त्याने एवढेच कळेल की माल पुढे उतरला. आधीच्या शतकातल्या स्त्रिया गळ्यात घालत होत्या तो गोफ हार्प्सफील्डच्या साक्षीने तलम रेशमाचाच होता.